शेजारधर्माचा खर्च सोयाबीनवाल्यांच्या माथी नको

मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री आणि मा. केंद्रीय कृषी मंत्री यांस,


कारंजा लाडच्या बाजार समितीत सोयाबीनचा हर्रास पुकारला जातो तेव्हा प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात हमीभावाचा आकडा असतो. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात विदर्भातल्या बाजारांत बराचसा माल चार हजारांच्या आसपास गेला.

सप्टेंबर २०२४ मध्ये आपणच कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयातशुल्क ५.५ वरून २७.५ टक्के आणि रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के केलं. आम्हाला धीर आला. पण काही महिन्यांतच नेपाळमधून रिफाइंड सोयाबीन तेल बिनशुल्क येऊ लागलं. एवढं तेल निघेल इतकं सोयाबीन नेपाळात पिकतच नाही. कच्चं तेल परदेशातून आणायचं, तिथे रिफाइन करायचं आणि भारतात पाठवायचं, असा हा धंदा.

ही वाट सार्क देशांमधल्या, २००६ पासून लागू असलेल्या साफ्टा या मुक्त व्यापार कराराने दिली. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर झालेली नाही, व्यापारसवलत मात्र चालू आहे. नेपाळ २०१७ मध्ये चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेत सामील झाला. तेव्हा काठमांडूला दुखवायचं नाही, ही दिल्लीची अडचण आम्हाला कळते. सार्कच्या आठ देशांत भारत सर्वांत मोठा आहे आणि मोठ्याने हात सैल ठेवावाच. पण त्या औदार्याची किंमत देशाच्या तिजोरीने मोजावी. ती वाशिमच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडून का वसूल होते?

भाव पडायला एकटा नेपाळ कारण नाही, हेही खरं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के, बाकी मुख्यतः ढेप. आणि ढेपेचा भाव इथेनॉल कारखान्यांतल्या मका-तांदळाच्या स्वस्त चोथ्याने पाडला. त्यात मे २०२५ मध्ये आपण कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे समोरचं दारही अर्धं उघडलं.

उपाय आपल्याच दप्तरात आहे. २००२ च्या भारत-नेपाळ व्यापार करारात वनस्पती तुपाला वर्षाला एक लाख टनांची मर्यादा घातली होती. तशीच मर्यादा रिफाइंड तेलाला घाला. माल मुळात कुठला, याची माहिती आयातदाराने ठेवावी, असा नियम सप्टेंबर २०२० पासून आहे. तो सीमेवरच्या नाक्यांवर कडक पाळला जाऊ द्या. आणि हे सगळं पुढच्या पेरणीआधी करा.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी, कारंजा लाड, जि. वाशिम