सगळ्यात तगडा क्लच नको, पुरेसा हवा

मराठी मंडळाच्या अंकात क्लचवर लेख? असं कुणीतरी विचारणारच. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये आपण रोज याच विषयावर तासन्‌तास बोलतो, आणि तेही मराठीतच. मग लिहायला काय हरकत आहे?

सध्या तिथली लाडकी गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट डिझेल. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे सेकंडहँड घ्यायची, ईसीयू रीमॅप करायचा, आणि महिना-दोन महिन्यांत क्लच घसरायला लागला की "बाजारात सगळ्यात तगडा कुठला?" म्हणून विचारत सुटायचं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्नच चुकीचा आहे.

क्लचचं काम तसं साधं आहे. इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटली जाते. ही पकड तीन गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, प्लेटचं अस्तर किती घट्ट धरतं आणि प्लेटचा व्यास किती आहे. इंजिनाचा टॉर्क या पकडीपेक्षा जास्त झाला की प्लेट घसरते, तापते, जळते. लक्षात घ्या, टॉर्क. पार्किंगमधल्या गप्पा मात्र सगळ्या हॉर्सपॉवरच्या असतात. स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचा मूळ टॉर्क १९० न्यूटन-मीटर, आणि तोही २००० आरपीएमलाच मिळतो. म्हणून क्लच घसरतो तो शंभरच्या पुढे नाही, तर चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला की. आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी तिथेच रेंगाळते.

आता हिशोब करू. रीमॅपनंतर टॉर्क २४० झाला असं धरा. त्यावर वीस टक्के राखीव धरले तर २८८, म्हणजे साधारण २९० पेलणारा क्लच पुरे. पण आपली मुलं ४०० पेलणारा शोधतात. "पुढे लागलाच तर" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. पुढे काही लागत नाही, पण त्या जास्तीच्या ताकदीची किंमत रोज द्यावी लागते.

ती कशी? जास्त पकड मिळवायचे मुख्य मार्ग दोन. पहिला, कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट. तिने पेडल जड होतं, रिलीज बेअरिंगवर ताण वाढतो. दुसरा, अस्तर बदलणं. नेहमीचं ऑरगॅनिक अस्तर हळूवार धरतं, केव्हलारचं जास्त टिकतं पण नीट बसायला वेळ घेतं. आणि धातूच्या भुकटीत सिरॅमिक मिसळून केलेल्या तुकड्यांची प्लेट म्हणजे एकतर सुटलेली, नाहीतर एकदम धरलेली. अर्धा क्लच हा प्रकारच तिच्यात जवळजवळ नाही. शर्यतीत ते चालतं. पण चोर्ला घाटात, पावसात, पुढे भरलेला ट्रक थांबलेला असताना चढावर गाडी उचलायची असेल तर? गाडी झटके देते, बंद पडते, मागे घसरते. मागे कुणीतरी असतंच.

शिवाय आपल्यापैकी कितीजणांची गाडी एकट्याची आहे? तीच गाडी आई बाजाराला नेते, बाबा ऑफिसला नेतात. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शंभर वेळा जड पेडल दाबून ज्यांचा गुडघा दुखणार आहे, त्यांना विचारल्याशिवाय क्लच निवडणं मला पटत नाही. पैसेही बहुतेक वेळा त्यांचेच असतात.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला माझं मत असं: चांगलं ऑरगॅनिक अस्तर, हबमध्ये झटके सोसणाऱ्या स्प्रिंगा, आणि मूळपेक्षा थोडी कडक प्रेशर प्लेट. बस्स. स्प्रिंग नसलेली प्लेट स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिचे झटके थेट गिअरबॉक्सला जातात. आणि एक गोष्ट मजबूत केली की ताण पुढच्या कमकुवत भागावर सरकतो, हेही ध्यानात ठेवा.

त्याआधी जुना क्लच का घसरतोय ते पाहा. ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलं असेल तर कितीही महागाचा क्लच घसरणारच. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि सील एकत्रच बदला, फ्लायव्हीलचा पृष्ठभागही तपासून घ्या. मग पहिले काही शे किलोमीटर गाडी गावातच, सबुरीने चालवा. नवं अस्तर बसायला तेवढा वेळ लागतोच.

कायद्याचंही बोलू. बदलामुळे नोंदणी-पुस्तकातले तपशील मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होत असतील, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. विमा कंपनीलाही बदल कळवायला हवेत. "कोण बघतंय" हे उत्तर अपघात होईपर्यंतच चालतं.

काहीजण म्हणतील, एवढा विचार केला तर गाडी मॉडिफाय करण्यात मजा काय राहिली? मला तर मजा यातच वाटते. रीमॅपचे पैसे भरण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: बदलानंतर टॉर्क किती होणार, गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार, आणि घरात ती आणखी कोण चालवतं. तो कागद घेऊन मेकॅनिककाकांकडे जा. "तगडा क्लच टाका" म्हणणाऱ्या पोरापेक्षा तुमच्याशी ते नक्कीच जास्त वेळ बोलतील.