जिजाऊंचा वाडा १२ जानेवारीला भरतो, बाकीच्या ३६४ दिवसांचं काय?

१२ जानेवारीला जालन्याहून सिंदखेडराजाला जाणारा रस्ता पहाटेपासून वाहत असतो. जीपा, टेम्पो, मोटारसायकली, प्रत्येकावर भगवा झेंडा. अंतर तीसेक किलोमीटर. जिल्हा बुलढाणा, विभाग अमरावती, पण आपल्याकडच्या माणसाला ते परकं गाव वाटत नाही. जालना, जाफराबाद तालुक्यातल्या कित्येक घरांच्या सोयरिकी तिकडं आहेत. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते.

मी यंदा मुद्दाम गर्दीच्या दिवशी गेलो नाही. तूर काढून झाल्यावर साध्या मंगळवारी मुलीला घेऊन गेलो. ती नववीत आहे. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं ते उंच महाद्वार, आतला म्हाळसा महाल, जिथं १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, ते सगळं तिनं बघितलं, फोटो काढले. मग विचारलं, "पप्पा, जिजाऊंनी स्वतः काय काय केलं ते इथं कुठं लिहिलंय?"

मी म्हणालो, "शिवाजी महाराजांना घडवलं." ती म्हणाली, "ते माहीत आहे. दुसरं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं बातम्या लिहितोय, जयंतीच्या बातम्याच पंधरा-सोळा दिल्या असतील, आणि पोरीच्या एका प्रश्नाला गप्प बसलो.

उत्तर आहे, आणि मोठं आहे. पुण्याच्या जहागिरीचा उजाड झालेला मुलूख पुन्हा लागवडीखाली आणण्याचं काम जिजाऊंच्या देखरेखीखाली झालं. वतनाचे, पाटीलकीचे तंटे त्यांच्यापुढं येत आणि त्या निवाडा देत. त्याची कागदपत्रं इतिहासकारांनी छापलेली आहेत. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले तेव्हा राज्याचा कारभार जिजाऊंच्या हाती सोपवून गेले. साठी उलटून गेलेली बाई, मुलगा आणि नातू शत्रूच्या कैदेत, आणि इकडं राज्य जागच्या जागी उभं. त्याच्या आधी, १६२९ साली, देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात बाप आणि भाऊ मारले गेले, तेही सोसलेलं. १७ जून १६७४ ला, राज्याभिषेकानंतर बारा दिवसांतच, पाचाडला त्या गेल्या.

पण आपले पुतळे बघा. बहुतेक ठिकाणी शेजारी लहानगे शिवराय आणि त्यांना वाट दाखवणारी आई. त्यात खोटं काहीच नाही. पण निवाडा देणारी, सारा ठरवणारी, राज्य चालवणारी बाई पुतळ्यात मावत नाही. ती कागदात आहे. तो कागद वाचता येईल असा मोडीतून उतरवून, सोप्या मराठीत भिंतीवर लावायचा, ही संग्रहालयाची कामगिरी. माझ्या मते सिंदखेडराजाचा खरा प्रश्न हा आहे, आणि जयंतीच्या भाषणात तो येत नाही.

भाषणात येतो तो आराखडा. विकास आराखड्याचे आकडे शेकडो कोटींत असतात. रस्ते, उद्यानं, भक्तनिवास, रोषणाई. त्यातलं किती होतं, किती राहतं हा वेगळा हिशेब आहे, त्यात आज जात नाही. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. बांधकामाला एकदाच पैसा लागतो. सांभाळायला रोज लागतो. माणसाचा पगार, वीजबिल, वाळवी, गळती, माहिती सांगणारा माणूस. हे कुठल्याही कोनशिलेवर येत नाही, म्हणून त्याला कुणी वाली नसतो.

आपल्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही. मोसंबीची बाग लावताना अनुदान मिळतं, फोटो निघतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात बागा वाळल्या तेव्हा कळलं की झाड लावणं निराळं आणि मे महिन्यात जगवणं निराळं. मी टँकरनं पाणी आणून निम्मी झाडं वाचवली. उरलेली सरपणाला गेली.

डलास या अमेरिकेतल्या शहरात २००० साली स्त्रियांच्या कर्तृत्वाचं भलंमोठं संग्रहालय उघडलं. बड्या कंपन्यांनी देणग्या दिल्या. २०११ मध्ये ते पैशाअभावी बंद पडलं. वॉशिंग्टनला असं राष्ट्रीय संग्रहालय काढायला त्यांच्या संसदेनं २०२० च्या डिसेंबरात मंजुरी दिली, पण मंजुरीच्या पाठोपाठ इमारत काही उभी राहिली नाही. म्हणजे श्रीमंत देशातही गाडी इथंच अडते.

आणि आपल्याकडं पुण्याचा भिडेवाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात, बुधवार पेठेत. स्मारक व्हायचं हे महापालिकेनं ठरवलं, पण भाडेकरूंचा वाद कोर्टात गेला आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच राहिला. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्रीतून वाडा पाडला. तोवर तो इतका मोडकळीला आला होता की राखण्यासारखं फारसं राहिलंच नव्हतं. आता तिथं नवीन स्मारक होईल, चांगलंच होईल. पण ज्या भिंतींत पहिल्या मुली बसल्या त्या भिंती आपण वाट बघण्यात घालवल्या.

सिंदखेडराजाची गोष्ट त्या मानानं बरी. वाडा संरक्षित आहे, लखुजीरावांची समाधी भक्कम उभी आहे. २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती सापडली. बातमी देशभर गेली. असं काही सापडलं की पहिला प्रश्न येतो, ठेवायचं कुठं? गावातच नीट सांभाळलेलं, पहारा आणि जाणकार माणूस असलेलं संग्रहालय असेल तर गावाला छातीठोक म्हणता येतं, आमचं आमच्याकडं ठेवा.

आता कुणी म्हणेल, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागतं आणि तू संग्रहालयाचं काय घेऊन बसलास? मला माझ्या भावकीनंच हे ऐकवलं. राग नाही, प्रश्न रास्त आहे. पण १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला लाखोंच्या संख्येनं बाया गेल्या होत्या. पुढं लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. आमच्या भागातूनही बाया ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या, माझी चुलती त्यात होती. आज तिच्याकडं एक बिल्ला आहे, पेटीच्या तळाला. ती गेली की बिल्लाही भंगारात जाणार. हा शेतकऱ्याचाच इतिहास आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत पुसला जातोय.

पुसलं जाणं किती सोपं असतं याचा दाखला बुलढाण्यातच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असा थेट सवाल. ते पुस्तक लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून आज आपल्याला ताराबाई माहीत. एक प्रत कुणीतरी राखून ठेवली नसती तर?

आपल्या जालन्याचं सांगायचं तर बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पुरुषी वेश करून, घोड्यावर बसून, बंदूक घेऊन रझाकारांशी लढलेली बाई. मराठवाड्याची झाशीची राणी म्हणतात त्यांना. एका शाळेत १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाला गेलो होतो, पोरांना विचारलं, दगडाबाई कोण? एका पोरानं हात वर केला. तो धोपटेश्वरचा भाचा निघाला.

मला वाटतं सिंदखेडराजाला या सगळ्या बायांसाठी जागा झाली पाहिजे. मोठी इमारत नको. दोन खोल्या चालतील. जिजाऊंच्या निवाड्यांच्या प्रती, ताराबाईंचं पुस्तक, दगडाबाईंची हकीकत, चांदवडचे बिल्ले. एका खोलीत जात्यावरच्या ओव्या ऐकायची सोय. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजातल्या ओव्या आजही ऐकायला मिळतात. म्हणजे गोळा करायचं निम्मं काम दुसऱ्यांनी करून ठेवलंय.

पैशाची वाटही अगदी बंद नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी सरकारची 'महाराष्ट्र वैभव' संगोपन योजना आहे. संस्था किंवा कंपनी ठरावीक वर्षांसाठी स्मारकाची देखभाल अंगावर घेते, मालकी सरकारचीच राहते. नळदुर्गचा किल्ला असाच सोलापूरच्या एका कंपनीनं सांभाळायला घेतला आणि तिथला फरक जाऊन आलेले लोक सांगतात. कंपनी कायद्यात नफ्यातले दोन टक्के समाजकामासाठी काढायचे असतात, त्यात ऐतिहासिक वास्तूंचं जतन बसतं. जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या नावाजलेल्या कंपन्या आहेत. जिल्हा बदलतो म्हणून अडायचं कारण नाही, गिऱ्हाईक बुलढाण्याचं चालतंच की. समृद्धी महामार्गामुळं नागपूर-मुंबईची गाडी आता दारावरून जाते. ती तासभर थांबावी असं आत काहीतरी पाहिजे.

यात धोकाही आहे. कंपनी आली की पाटी तिची मोठी आणि जिजाऊंची लहान, असंही होऊ शकतं. म्हणून करारात काय लिहायचं, पगारी जाणकार किती, कागदपत्रांच्या प्रती कधीपर्यंत लावायच्या, हे गावातल्या लोकांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी आधी ठरवायला हवं. मंचावर खुर्च्या मिळवण्याच्या धडपडीतला थोडा वेळ इकडं दिला तरी भागेल.

परवा मुलीनं चुलतीच्या पेटीतला तो बिल्ला काढून पुसून ठेवला. मग मोबाईल समोर धरून तिला चांदवडची हकीकत विचारत बसली. चुलती आधी लाजली, नंतर दोन तास बोलली. ट्रकमध्ये भाकरी कुणी बांधून दिल्या, परत आल्यावर सासरा काय म्हणाला, सगळं. मोबाईलची मेमरी भरली तेव्हा थांबली.