अ‍ॅप निवडताना आधी मालक ओळखा

मोबाईलमध्ये कोणते अ‍ॅप टाकावे, हा काय वैचारिक स्तंभाचा विषय आहे, असे काही वाचकांना वाटेल. शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचार असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना हे कुठले नवे खूळ, असेही कोणी म्हणेल. परंतु या सगळ्या प्रश्नांवर आजचा आपला तरुण बोलतो कुठे? मोबाईलवर. आणि ज्या मंचावर तो बोलतो त्या मंचाचा मालक कोण? हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. म्हणूनच हा लेख.

२०२३ साली काय घडले ते आधी पाहू. रेडिट हा अमेरिकेतील प्रचंड मोठा चर्चामंच. त्यावरचे लिखाण वाचण्यासाठी बाहेरच्या लोकांनी स्वतंत्र अ‍ॅप्स तयार केली होती. रेडिटने अचानक या अ‍ॅप्सवर जबर शुल्क लादले. अपोलो नावाच्या लोकप्रिय अ‍ॅपच्या निर्मात्याला सांगितलेला दर होता ५ कोटी विनंत्यांमागे १२ हजार डॉलर. त्याच्या हिशेबाने वर्षाचा खर्च २ कोटी डॉलरच्या घरात जात होता. १२ जून २०२३ पासून हजारो चर्चागटांनी आपली दारे बंद करून निषेध नोंदवला. मालक हलला नाही. ३० जूनला अपोलो बंद झाले, इतरही काही अ‍ॅप्स बंद पडली. चर्चा लोकांनी केली, गट लोकांनी विनामोबदला सांभाळले, पण निर्णय मालकाने घेतला.

त्या वेळी असंख्य लोक लेमी नावाच्या मंचाकडे वळले. लेमी ही एका कंपनीची वेबसाइट नव्हे. ते एक खुले सॉफ्टवेअर आहे. कोणीही ते आपल्या सर्व्हरवर बसवावे आणि स्वतःचा मंच सुरू करावा. असे अनेक सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब या समाईक नियमपद्धतीने एकमेकांशी बोलतात. ई-मेलचे उदाहरण घ्या. तुमचे खाते एका कंपनीकडे, माझे दुसरीकडे, तरी पत्र पोहोचतेच. तसेच येथे एका सर्व्हरवरचा सभासद दुसऱ्या सर्व्हरवरच्या चर्चेत भाग घेऊ शकतो. सगळ्या व्यवस्थेचा एकच एक मालक नाही.

आपल्या वाचकांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. दुसऱ्याच्या छापखान्यावर आपला आवाज अवलंबून राहू शकत नाही, हा धडा आपण तेव्हाच शिकलो. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याची पुन्हा आठवण झाली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले होते. लेखक-पत्रकार दिलीप मंडल यांचे खातेही रोखले गेले. ट्विटरवर जातीय पक्षपाताचा आरोप करणारी मोठी मोहीम त्या वेळी चालली. मास्टोडॉन या विकेंद्रित मंचावर हजारो भारतीयांनी खाती उघडली. आणि नंतर? बहुतेक जण मुकाट्याने परत फिरले. कारण प्रत्येक जण एकटा गेला होता. तिथे ना ओळखीचा माणूस, ना आपली चर्चा. रागाच्या भरात स्थलांतर होते, संघटन होत नाही.

आता लेमीसाठी कोणते अ‍ॅप घ्यावे, या मूळ प्रश्नाकडे येऊ. जरबोआ हे लेमीच्या निर्मात्यांचेच अ‍ॅप, पण ते फक्त अँड्रॉइडवर चालते. व्हॉयेजर हे अपोलोच्या धर्तीवरचे अ‍ॅप. ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळते, शिवाय काहीही न उतरवता थेट ब्राउझरमध्येही उघडते. थंडर हेही खुल्या स्रोताचे अ‍ॅप आहे. सिंक आणि बूस्ट ही रेडिटच्या काळातली जुनी नावे लेमीसाठीही आली, पण त्यांचा स्रोत बंद आहे आणि फुकट वापरायचे तर जाहिराती सोसाव्या लागतात.

बहुतेक लोक अ‍ॅपचा रंग आणि देखणेपणा पाहून निवड करतात. ही चूक आहे. पहिली कसोटी असावी, स्रोत खुला आहे काय? लेमीच्या अ‍ॅपमध्ये प्रवेश करताना सामान्यतः आपले नाव आणि पासवर्ड त्या अ‍ॅपलाच द्यावा लागतो. ज्याच्या हाती घराची किल्ली देतो त्याच्या घरात काय चालते, हे कोणाला तरी तपासता आले पाहिजे. दुसरे म्हणजे, लेम्मर नावाचे जुने अ‍ॅप थांबले तेव्हा त्याचा खुला स्रोत घेऊन दुसऱ्यांनी लिफ्टऑफ हे नवे अ‍ॅप उभे केले. बंद स्रोताचा निर्माता कंटाळला की सगळेच संपते.

दुसरी कसोटी आपल्या परिस्थितीची. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याकडे महागडा फोन नसतो, डेटाही मोजून वापरावा लागतो. चित्रे आपोआप उघडणे बंद करता येते काय, अक्षर मोठे करता येते काय, जोडाक्षरे नीट दिसतात काय, शिवीगाळ करणाऱ्याला चटकन रोखता येते काय, हे पाहावे. खाते न उघडताही बरीच चर्चा वाचता येते. म्हणून आधी दोन-तीन अ‍ॅप्स आठवडाभर वापरावीत, मग ठरवावे. एक बारीक गोष्टही ध्यानात ठेवावी. लेमीच्या भाषांच्या यादीत मराठी निवडताना 'अनिर्धारित' हा पर्यायही निवडलेला ठेवावा, नाहीतर बरेचसे लिखाण दिसेनासे होते आणि मंच ओस पडला आहे असा गैरसमज होतो.

परंतु अ‍ॅपपेक्षाही मोठा निर्णय सर्व्हरचा आहे. अ‍ॅप म्हणजे खिडकी, घर म्हणजे सर्व्हर. खिडकी पाच मिनिटांत बदलता येते, घर बदलताना सामान मागे राहते. जुलै २०२३ मध्ये व्हीलेमी हा सर्व्हर कसलीही सूचना न देता गायब झाला. लेम डॉट ई हा मोठा सर्व्हर ३० जून २०२५ रोजी बंद झाला, मात्र त्याच्या चालकांनी आधी जाहीर सूचना दिली होती. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले, तेव्हा तिकडच्या सभासदांशी इकडच्यांची चर्चाच थांबली. लेमीत खात्याच्या सेटिंग्ज आणि गटांची यादी दुसरीकडे नेता येते, लिहिलेले लेख मात्र नेता येत नाहीत. म्हणजे मक्तेदार गेला तरी लहान लहान मालक उरतातच. विकेंद्रित आहे म्हणून ते आपोआप न्याय्य आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये. लोक फुकट सेवा देतात, पण वीज आणि यंत्रे फुकट मिळत नाहीत.

सुरक्षिततेबाबत तर अधिक सावध राहिले पाहिजे. लेमीवरचा खासगी संदेश सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. कोणत्या लेखाला कोणी मत दिले, हेही चालकांना दिसते. एकदा लिहिलेले इतर सर्व्हरांवर पोहोचले की पुसून टाकल्यावर ते सगळीकडून जाईलच, याची हमी नाही. गावातल्या प्रकरणातील साक्षीदार, तक्रार करणारी विद्यार्थिनी, सरकारी नोकरीतला कार्यकर्ता यांची नावे अशा ठिकाणी कदापि लिहू नयेत.

मग करावे काय? मोठे मंच आजच सोडा, असे आमचे म्हणणे नाही. समाज जिथे आहे तिथे आपण असलेच पाहिजे. पण सर्व खाती एकाच मालकाच्या दारात बांधून ठेवू नयेत. दहा-पंधरा जणांच्या अभ्यासगटाने एकत्र बसावे, एक विश्वासाचा सर्व्हर ठरवावा, एक खुल्या स्रोताचे अ‍ॅप घ्यावे आणि आठवड्याला एक विषय ठरवून मराठीत लिहावे. सर्व्हरच्या खर्चासाठी प्रत्येकाने चहाच्या दोन कपांएवढी वर्गणी द्यावी. आपल्यातल्या संगणक शिकलेल्या मुलामुलींनी पुढे चालून आपलाच सर्व्हर उभा करावा. वर्गणी काढून सभा, वाचनालये आणि नियतकालिके चालवणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. अवघड आहे ते एकत्र बसणे. सुरुवात तिथूनच करावी लागेल.