चिकोडीचे तुकोबा

आषाढी एकादशीला प्रभातचा जुना ‘संत तुकाराम’ लावायचा, असा आमच्या घरचा रिवाज आहे. तो सुरू केला सासूबाईंनी. मी त्यांना अत्ती म्हणायचे. त्या मूळच्या गोकाककडच्या. बोलणे सगळे कन्नड, भजन मात्र मराठी.

दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ सालचा. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचे कौतुक झाले. पण आपल्याला अधिक अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आपल्या चिकोडीचे! नाटकांत त्यांनी स्त्रीभूमिका केलेल्या. त्यामुळे हे तुकोबा म्हणून शोभतील का, अशी शंका दिग्दर्शकांना होती. पुढे मात्र लोकांनी तुकोबांचा चेहरा म्हणून पागनीसांचाच चेहरा मनात धरला.

आवली झालेल्या गौरीबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. प्रभात कंपनीत साफसफाईचे काम करता करता त्या पडद्यावर आल्या. मूल आजारी पडल्यावर चिडून, हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरणारी त्यांची आवली पाहताना अत्ती दरवेळी म्हणायच्या, ‘‘बरोबर आहे तिचे!’’

अशाच एका आषाढीला मी नुकतीच वाचलेली माहिती मोठ्या उत्साहाने सांगितली. ‘‘अत्ती, ‘आधी बीज एकले’ तुकोबांचे नाही हं. गाथेत शोधून सापडणार नाही. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी ते लिहिले. चाल केशवराव भोळे यांची.’’

अत्तींचा चेहरा एकदम उतरला. किती वर्षे त्या हे पद अभंग म्हणून देवापुढे म्हणत होत्या! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नको तिथे शहाणपणा केला, असे वाटले. दोन दिवस त्या गप्पच होत्या. तिसऱ्या दिवशी वाती वळता वळता म्हणाल्या, ‘‘यार बरदरेनु? हाडु तुकोबांदs ऐति.’’ कोणी का लिहिले असेना, गाणे तुकोबांचेच. आणि पुन्हा तेच पद गुणगुणू लागल्या.

मला वाटते, आठवल्यांना याहून मोठी पावती ती कोणती! चिकोडीच्या नटाला लोकांनी तुकोबा मानले, तसेच त्यांच्या शब्दांनाही. पुढे १९६३ साली राजकुमार यांनी कन्नड पडद्यावर तुकोबा रंगवले. तोही चित्रपट अत्तींनी तितक्याच भक्तीने पाहिला होता.

आता अत्ती नाहीत. आषाढीला चित्रपट मीच लावते. ‘‘आजी, हे गाणे कोणाचे?’’ असे नातवाने विचारले की आधी आठवल्यांचे नाव सांगते आणि मग अत्तींचे उत्तर, त्यांच्याच कन्नडमध्ये.

तुमच्या घरी कोणी जुने माणूस असेल, तर यंदा त्यांच्याजवळ बसून हा चित्रपट जरूर पाहा.