शिकाऊ उमेदवारी वाढवा, पण किमान वेतनाशी बांधून

शिकाऊ उमेदवारी कायद्याचा पसारा वाढवण्याचा विषय निघाला, की दोन बाजूंनी विरोध होतो. कामगार संघटनांना त्यात स्वस्त मजुरीचा डाव दिसतो, तर प्राध्यापकांना पदवीचे अवमूल्यन. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने स्टायपेंडमध्ये 36 टक्के वाढीची शिफारस केली, पदवी-उमेदवारीला नियमांत जागा देण्यावरही विचार केला. त्यामुळे या आक्षेपांचा निकाल आता लावलाच पाहिजे.

प्राध्यापकांची भीती फार काळ टिकत नाही. एमबीबीएस झालेला विद्यार्थी वर्षभर वॉर्डात राबतो, सीएचा विद्यार्थी आर्टिकलशिप करतो. त्याने त्यांचे शिक्षण पातळ झाले असे कोणी म्हणत नाही. मग बी. कॉम.च्या मुलीने बँकेत किंवा गोदामाच्या हिशेबात शिकले, तर ज्ञानाची हानी कशी होते? जर्मनीत उमेदवार आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले दिवस कामावर असतो. अभ्यासक्रम लेखी असतो आणि शेवटची परीक्षा बाहेरचे परीक्षक मंडळ घेते, मालक नव्हे.

कामगार संघटनांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला पुरावा आहे. 2013 मध्ये एआयसीटीईने आणलेल्या ‘नीम’ योजनेत मध्यस्थ संस्थांमार्फत प्रशिक्षणार्थी कारखान्यांत जाऊ लागले. अनेक ठिकाणी ते कायम कामगाराचेच काम करत होते, पीएफ आणि ईएसआयशिवाय. ती योजना पुढे बंद करावी लागली. मूळ 1961 च्या कायद्यातही कलम 18 उमेदवाराला प्रशिक्षणार्थी मानते, कामगार नाही.

पैशाचा प्रश्न तर उघडच आहे. 2014 च्या नियमांत स्टायपेंड अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडलेला होता: पहिल्या वर्षी 70 टक्के, दुसऱ्या वर्षी 80, पुढे 90. 2019 मध्ये ही जोड तोडून 5,000 ते 9,000 रुपयांचे ठरीव किमान दर आले. आयटीआय झालेल्या मुलासाठी 7,000. परभणीहून चाकणला आलेल्या फिटरने एवढ्यात खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे भागवून घरी काय पाठवायचे?

तरीही यावरून कायदा वाढवूच नये हा निष्कर्ष चुकीचा आहे. कायदा थांबला म्हणून कारखाने पोरे घेणे थांबवत नाहीत. ती ठेकेदारामार्फत येतात, करार नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. कायद्याखालच्या उमेदवाराचा करार नोंदला जातो, अपघात झाला तर कलम 16 प्रमाणे भरपाई मिळते, यंत्रसुरक्षेचे नियम त्यालाही लागू होतात. संघटनांना ज्या शोषणाची चीड आहे, ते या छत्राबाहेर अधिक होते.

म्हणून दुरुस्ती हवीच, पण दात असलेली. आज 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. न घेतल्यास 2014 च्या दुरुस्तीनुसार दंड किती? प्रत्येक कमी उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये, नंतर 1,000. स्टायपेंडपेक्षा दंड स्वस्त पडत असेल, तर सक्ती कागदावरच राहणार. 36 टक्क्यांच्या वाढीने दर 6,800 ते 12,300 होतील, पण रक्कम पुन्हा गोठवली तर काही वर्षांत महागाई ती खाऊन टाकेल.

महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, पुढच्या दुरुस्तीत दोन गोष्टींचा आग्रह धरावा: स्टायपेंडची किमान वेतनाशी जुनी जोड परत यावी आणि दंड स्टायपेंडहून जास्त असावा. कामगार संघटनांनीही विरोधाऐवजी याच मागणीवर सही करावी.