न काढलेल्या छायाचित्रांचा संग्रह

हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. हौसेला संख्या असावी की नाही, याविषयी मात्र आपल्या म्हणी गप्प आहेत. छायाचित्रणाच्या हौशी मंडळींत वावरताना हा प्रश्न आम्हांला वारंवार पडत आला आहे. ज्याच्या हातून वर्षाकाठी भिंतीवर लावावीत अशी पाच छायाचित्रेही निघत नाहीत, अशा गृहस्थाच्या कपाटात वीस-पंचवीस कॅमेरे सुखाने नांदत असतात. त्यांत आजोबांच्या वेळचा एखादा आग्फा क्लिक-थ्री असतो, एखादा जर्मन, तीन-चार जपानी, एक दणकट रशियन झेनिट, आणि शिवाय डिजिटलची भाऊगर्दी. का म्हणून विचारावे तर प्रत्येकाचे निराळे समर्थन तयार असते : हा व्यक्तिचित्रांसाठी, हा प्रवासात नेण्यासाठी, याचे भिंगच काही और आहे. एखाद्याविषयी मात्र "मिळत होता म्हणून घेतला" एवढेच उत्तर येते, आणि आमच्या मते तेच सर्वांत प्रामाणिक असते. आम्ही हे या जमातीच्या बाहेर उभे राहून लिहीत नाही. आमच्याकडचे कॅमेरेही एका हाताच्या बोटांवर मोजून संपत नाहीत.

इंग्रजी जगात या प्रवृत्तीला 'गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम' असे भारदस्त नाव आहे, आणि त्याचे लघुरूप 'गॅस'. मूळचा हा विनोद गिटारवादकांचा. छायाचित्रकारांनी तो उसना घेतला. आम्हांला हे नाव फारसे रुचत नाही. रोगाचे नाव हसत हसत सांगून टाकले की रोगी मोकळा होतो आणि पुढच्या खरेदीला लागतो. ज्या गोष्टीवर विनोद झाला तिचा विचार करायचे राहून जाते, हा अनुभव साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही.

वाल्टर बेन्यामिनने १९३१ साली 'दी लितरारिशे वेल्ट' या जर्मन साप्ताहिकात दोन निबंध लिहिले. एक, पेट्यांत बंद असलेली आपली पुस्तके बाहेर काढताना संग्राहकाच्या मनाचा घेतलेला वेध. दुसरा, छायाचित्रणाचा छोटेखानी इतिहास. पहिल्यात त्याने पुस्तके न वाचणे हे संग्राहकाचे लक्षणच मानले आहे, आणि त्याबद्दल त्याला खंत तर नाहीच, उलट थोडा अभिमान आहे. दुसऱ्यात आरंभीच्या काळातल्या व्यक्तिचित्रांविषयी तो लिहितो, तेव्हा त्याचे लक्ष एका तांत्रिक अडचणीवर खिळते. त्या काळच्या काचांना प्रकाश फार वेळ द्यावा लागे, माणसाला स्थिर बसून राहावे लागे, आणि त्या बसण्यामुळे माणूस जणू चित्रात मुरत जाई. एकाच लेखकाचे, एकाच वर्षातले, एकाच साप्ताहिकातले हे दोन निबंध. आमच्या माहितीचे अनेक प्राध्यापक ते वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या शीर्षकांखाली शिकवतात. ते एकत्र वाचावेत अशी आमची सूचना आहे. कारण कॅमेऱ्यांचा संग्राहक हा प्राणी नेमका या दोन निबंधांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहतो. पहिल्या निबंधातली मालकीची ओढ त्याच्यापाशी पुरेपूर आहे. दुसऱ्या निबंधातला, एका जागी बसण्याचा वेळ मात्र त्याच्यापाशी नाही.

न वाचलेल्या पुस्तकाची आणि न वापरलेल्या कॅमेऱ्याची तुलना लगेच सुचते, आणि संग्राहक मंडळी ती ढालीसारखी पुढे करतात. ती आम्हांला मान्य नाही. न वाचलेले पुस्तक लिहून पूर्ण झालेले असते. वाचक आला नाही तरी त्यातले वाक्य हलत नाही, आणि कसर-वाळवीपासून जपले तर ते नातवाच्या हाती तसेच पडेल. कॅमेऱ्यात आधीपासून काहीच नसते. तो रिकामा डबा आहे. चित्र बाहेरून, आणि तेही एका विशिष्ट दुपारी, त्याच्यात यायचे असते. तेव्हा पंचवीस कॅमेऱ्यांच्या कपाटाची तुलना करायचीच तर ती पंचवीस कोऱ्या वह्या विकत घेणाऱ्या लेखकाशी करावी लागेल. असे लेखक आपल्या ओळखीत असतातच.

दुसरी एक तुलना अधिक फलदायी आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, रोजच्या संसारातल्या असंख्य वस्तू आहेत. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. त्यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहाला नाव दिले ते अकाली गेलेल्या मुलाचे. तिथल्या अडकित्त्याने आज कोणी सुपारी कातरत नाही, आणि त्यात अडकित्त्याचे काही बिघडत नाही. लोखंड-पितळेची वस्तू विश्रांती घेऊ शकते. शिवाय तिचे काम संपलेले असल्यामुळे तिच्या घडणीकडे बघायला आपण मोकळे होतो. अडकित्त्यावरचा मोर दिसू लागतो तो सुपारी बाजूला ठेवल्यावर.

यांत्रिक कॅमेरा असा निवृत्त होत नाही. तो वापरात राहिला तर पन्नास वर्षे सहज टिकतो, आणि कपाटात ठेवला तर आतून मरत जातो. शटरच्या पात्यांवरचे तेल आणि आतले वंगण घट्ट होते, मग सेकंदाचा अंश हळूहळू लांबत जातो. मागच्या दाराला लावलेला फोम विरघळून डांबरासारखा चिकट होतो आणि तिथून प्रकाश आत शिरतो. सेलेनियमचे प्रकाशमापक थकतात. साठ-सत्तरच्या दशकांतले अनेक कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. पाऱ्यावर बंधने आल्याने ती बॅटरी बाजारातून गेली, आणि आजची पर्यायी बॅटरी बसवली तर मापक चुकीचे सांगू शकतो. या सर्वांहून वाईट म्हणजे बुरशी. मुंबईत आणि कोकणपट्टीत चार महिने हवेत जे पाणी असते, त्यात चामड्याच्या बंद पाकिटात ठेवलेल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात. वेळीच साफ केले नाहीत तर ते काचेवरचा लेप आणि पुढे काचही खातात. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात, हे खरे. पण उजेड, हवा आणि हाताचा वापर यांची सर त्यांना नाही. आणि वीस कॅमेऱ्यांना महिन्यातून एकदा हात लावायचा म्हटले तरी नोकरदार माणसाचे सगळे रविवार त्यातच जातात. म्हणजे जो स्वतःला या यंत्रांचा रक्षक समजतो, त्याच्याच घरी ती सर्वांत वेगाने निकामी होण्याची शक्यता असते. आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. पैशाची उधळपट्टी हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न. त्यात आम्ही पडत नाही.

एकाच कॅमेऱ्यावर आयुष्य काढणाऱ्यांचे दाखले देण्याची या विषयात प्रथाच आहे, आणि ते दाखले खोटे नाहीत. आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२ साली लायका घेतला आणि पुढे बहुतेक काम एकाच, ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले. बेन्यामिनने ज्याच्याविषयी लिहिले तो यूजेन आत्जे जुन्या पद्धतीचा अवजड लाकडी कॅमेरा आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन पॅरिसचे रिकामे रस्ते टिपत राहिला. हाती धरता येणारे सुटसुटीत कॅमेरे येऊन गेले तरी त्याने आपला डोलारा सोडला नाही. तरीही या थोरांच्या दाखल्यांपेक्षा आम्हांला आपल्याकडचा क्लिक-थ्री अधिक बोलका वाटतो. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात बनवलेला हा साधा पेटीवजा कॅमेरा कित्येक मध्यमवर्गीय घरांतला पहिला आणि एकमेव कॅमेरा होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत, बस्स. बारांचा हिशेब घरात तोंडपाठ असे : बारशाची चार, गणपतीची दोन, सहलीला तीन, आणि उरलेली कोणी पाहुणे आले तर. रोल संपायला महिने लागत आणि धुऊन यायला आणखी आठवडा. त्या चित्रांतली माणसे ताठ उभी असतात, सूर्याकडे तोंड करून डोळे बारीक करतात, कडेला कोणाचा तरी अर्धा खांदा कापलेला असतो. कलेच्या कसोटीवर त्यांतली थोडीच उतरतील. पण त्या घरांच्या आल्बममध्ये जी दाट हजेरी भरलेली असते, तिच्यापुढे आजचे पंचवीस कॅमेऱ्यांचे कपाट फार विरळ वाटते.

संग्राहकाला ही टंचाईच हवी असते, असा आमचा तर्क आहे. 'या कॅमेऱ्यात बाराच चित्रे', 'याला मापक नाही', 'याचे भिंग बदलता येत नाही' अशी वर्णने तो ज्या ओढीने करतो ती ओढ मर्यादेची आहे. व्यापाऱ्यांनी ही ओढ ओळखली. लायकाने २०१२ साली फक्त कृष्णधवल चित्रे काढणारा डिजिटल कॅमेरा काढला, २०१६ साली पाठीमागे पडदा नसलेला. रंग आणि पडदा काढून टाकल्याबद्दल किंमत मात्र कमी झाली नाही. १९८२ च्या निकॉन एफएम-टूचा तोंडवळा घेऊन २०२३ साली झेडएफ आला. २०२४ मध्ये पेंटॅक्सने चक्क नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. यांतला एखादा घेऊन जो त्याच्याशी संसार करील त्याला आमचा विरोध नाही. अडचण अशी की मर्यादा एकेकटी असेपर्यंतच काम करते. वृत्तबद्ध कविता लिहिणारा कवी एका वृत्ताशी झगडतो तेव्हा त्यातून काही हाती लागते. पण ओळ अडली की वृत्त बदलायचे, असे ठरवून पंचवीस वृत्ते उशाशी घेऊन बसला, तर त्याला खरे म्हणजे कोणतेच वृत्त नाही. कॅमेऱ्यांच्या कपाटाचे नेमके हेच होते. चित्र अडले की नजर बाहेरच्या झाडावरून कपाटाकडे वळते.

याच्या उलट टोकाचा एक माणूस होऊन गेला. अमेरिकेतला गॅरी विनोग्रांड १९८४ साली वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे २,५०० रोल धुवायचेच राहिले होते. रस्त्यावर चित्रे काढत राहायची त्याची भूक इतकी की काढलेले बघायला तो थांबत नव्हता. हाही अतिरेकच, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या कामाबद्दल समीक्षकांत मतभेद आहेत. पण हे रोल तरी नंतर कोणी धुऊ शकले, त्यांची निवड करू शकले, त्यावर वाद घालू शकले. कपाटातल्या कॅमेऱ्यांनी न काढलेली चित्रे धुवायला जगात प्रयोगशाळा नाही.

जो खराखुरा संग्राहक आहे त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे, हे इथे सांगितले पाहिजे. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद २००३ साली गिनीज बुकात झाली. गुरुग्रामला आदित्य आर्य यांच्या संग्रहातून उभे राहिलेले 'म्युझियो कॅमेरा' २०१९ पासून नव्या वास्तूत आहे आणि तिथे कोणालाही जाऊन यंत्रांची वंशावळ पाहता येते. व्हिएन्नाच्या लिलावात २०२२ साली ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा लायका १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, तो घेणाऱ्याने त्यात रोल भरावा असे आम्हीही म्हणणार नाही. संग्रह म्हणजे निवड, नोंद, वर्गीकरण आणि दुसऱ्याला दाखवण्याची तयारी. केळकरांनी ती आयुष्यभर पाळली. आमच्या हौशी मित्राकडे यांतले काहीच नसते. कोणता कॅमेरा कोणत्या सालचा, कुठून घेतला, त्यात काय बिघाड आहे, याची साधी वहीदेखील नसते. तो वापरणारा म्हणावा तर वापरत नाही, जतन करणारा म्हणावा तर बुरशीला कपाट मोकळे सोडतो.

आता कोणी म्हणेल, असेना का; कोणाचे काय जाते? कला महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचे जाते. हल्ली फिल्मवर काम करू पाहणारी तरुण मुले पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात चालू स्थितीतला यांत्रिक कॅमेरा शोधत हिंडतात. फिल्म आधीच महाग. त्यात पेंटॅक्स के-१००० सारखा, १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे शिकाऊंसाठीच बनवला गेलेला कॅमेरा त्यांना परवडेनासा झाला आहे. त्याचे उत्पादन थांबले आहे. आहेत तेवढेच कॅमेरे जगात आहेत, आणि त्यांतले कितीतरी आमच्या पिढीच्या कपाटांत आहेत. दुरुस्ती करणारे जुने कारागीरही गिऱ्हाइकांअभावी दुकाने आवरत आहेत. चार मुलांच्या हाती चार कॅमेरे फिरले तर त्यांच्याही टेबलावर काम येईल.

आम्ही दान सुचवत नाही. वाचनालयाच्या धर्तीवर, नाव लिहून, तीन महिन्यांसाठी, आत एक रोल भरून कॅमेरा द्यावा, आणि परत येताना त्या रोलमधले एक चित्र कागदावर छापून मागावे, एवढेच. ही कल्पना आम्ही दोन-तीन मित्रांपुढे मांडली तेव्हा सर्वांनी एकच शंका काढली : मुले पाडतील. पाडतीलच. के-१००० पडला तर बहुधा वरच्या पत्र्याला पोचा येतो, आणि शटर तरीही चालत राहते.