बायपास काही मैदान नव्हे!

आमच्या भागातली काही तरुण मुलं गाड्यांचा मेळावा भरवणार आहेत. सगळ्यांनी ओळीने घाटातून फिरून यायचं, ढाब्यावर जेवायचं आणि मग बायपासवर ‘ड्रॅग’ लावायची! ड्रॅग म्हणजे पाव मैलाची, साधारण ४०२ मीटरची सरळ शर्यत. दोन गाड्या, उभ्या जागेवरून सुसाट.

मैत्रिणींनो, या वेडाला माझी ना नाही. पानटपरीवर टवाळक्या करण्यापेक्षा इंजिनात डोकं घातलेलं बरं. ओळीने फिरायलाही खुशाल जा. पुढे-मागे जाणता चालक ठेवा, थांबे आधी ठरवा, घाटात ओव्हरटेक नको, झालं. पण बायपासवर शर्यत? तिथून पहाटे दुधाच्या गाड्या येतात, आपल्याच बचत गटातल्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन रस्ता ओलांडतात. त्यांनी कुठे शर्यतीत नाव दिलंय?

सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि स्टिअरिंगवर अठराच्या आतला मुलगा असेल, तर पालकांना किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद नि २५ हजार दंड होऊ शकतो! (‘त्याच्या बाबांनीच चावी दिली’ हे कौतुकाने सांगणाऱ्यांनी हे वाचावं.)

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. म्हणजे बंदिस्त जागा मिळू शकते, खटपट हवी. मुलांना मी एवढंच विचारलंय, परवानगीचा कागद कुठाय? अजून कुणी आणून दाखवलेला नाही.